नाशिकमध्ये जुनी कॅमरी, अकॉर्ड किंवा लेक्सस घेताय? गाडी शोधण्यापासून आरसी नावावर होईपर्यंत

जानेवारी २०१९ मध्ये नवी टोयोटा कॅमरी हायब्रिड आली तेव्हा तिची एक्स-शोरूम किंमत होती ३६ लाख ९५ हजार. आज त्याच वर्षीच्या कॅमरीची चौकशी करा. सांगितलेला आकडा नव्या मध्यम एसयूव्हीच्या वरच्या मॉडेलच्या आसपास येतो. २०१३ ते २०१५ ची घ्यायची म्हटली, तर नव्या छोट्या गाडीच्या पैशात मिळते. अडीच लिटरचं इंजिन, मागे पाय पसरून बसता येईल इतकी जागा आणि बंद काचेआड कानाला मिळणारी शांतता, एवढं सगळं त्या पैशात दुसरीकडे कुठेच मिळत नाही.

ही गाडी स्वस्त का, हे आधी समजून घ्या. नाशिक जिल्ह्यात ज्याच्या हातात पैसा आहे त्याला उंच गाडी लागते. पिंपळगाव-दिंडोरीकडचा द्राक्ष बागायतदार असो की लासलगावचा कांद्याचा व्यापारी, बागेच्या बांधापर्यंत फॉर्च्युनर जाते, कॅमरी जात नाही. त्यात हायब्रिड, म्हणजे पेट्रोल इंजिनाला बॅटरी आणि मोटरची जोड असलेली गाडी, म्हटलं की ‘बॅटरी गेली तर?’ हा प्रश्न आलाच. गिऱ्हाईक कमी म्हणून भाव कमी. याचा फायदा घेताना तुम्हाला होतो आणि विकताना तोच उलटतो. म्हणून दोन वर्षांत विकायची असेल तर या भानगडीत पडू नका. सहा-सात वर्षं वापरणाऱ्यालाच हा हिशेब परवडतो.

दुसरी गोष्ट तर पूर्ण व्यवहारभर डोक्यात ठेवायची आहे. गाडीची किंमत उतरते, तिच्या सुट्या भागांची उतरत नाही. नऊ लाखांत घेतलेल्या कॅमरीचा हेडलाइट फुटला, तर तो महागड्या गाडीच्या हेडलाइटच्याच भावाने येतो. पुढे जे जे तपासायला सांगतोय, ते सगळं याच एका कारणासाठी.

कोणती घ्यायची

भारतात या वर्गात जपानी गाड्या मोजक्याच आल्या. त्यातल्या मुख्य म्हणजे टोयोटा कॅमरी, होंडा अकॉर्ड, निस्सान टिआना आणि वरच्या पायरीवर लेक्सस ईएस ३००एच. परदेशी व्हिडिओंत दिसणाऱ्या अॅक्युरा आणि इन्फिनिटी इथे अधिकृतपणे कधी विकल्याच गेल्या नाहीत, तेव्हा ते व्हिडिओ बघून मन खराब करून घेऊ नका.

माझा कल सरळ कॅमरी हायब्रिडकडे आहे. ऑगस्ट २०१३ मध्ये ती इथे आली, बंगळुरूजवळच्या बिडदीत जोडली जाते आणि २०१५ मध्ये तिचा चेहरा थोडा बदलला. २०१९ ला आलेली गाडी मात्र मुळापासून वेगळी आहे. तिची बॅटरी डिकीतून निघून मागच्या सीटखाली गेली, त्यामुळे सामानाला जागा वाढली. कंपनीचा मायलेजचा दावाही १९.१६ वरून २३.२७ वर गेला. शहरात खरंच किती मिळेल ते तुमच्या पायावर आहे, पण सिग्नलवर आणि कोंडीत इंजिन बंद राहतं, म्हणून द्वारका चौकासारख्या ठिकाणीच या गाडीची खरी किंमत कळते. पैसे पुरत असतील तर २०१९ नंतरची घ्या. नसतील तर २०१५ नंतरची, नियमित सर्व्हिस झालेली.

२००८ ते २०१३ दरम्यानची अकॉर्ड चालवायला कॅमरीपेक्षा मजेदार आहे, हे टोयोटावालेही खाजगीत मान्य करतात. २.४ लिटरचं इंजिन दणकट आहे आणि त्याला टायमिंग चेन आहे. थंड इंजिन सुरू करताना क्षणभर ‘खर्रर्र’ असा आवाज येत असेल तर व्हीटीसी अॅक्च्युएटर (इंजिनाच्या व्हॉल्व्हची वेळ पुढेमागे करणारा भाग) झिजलेला असतो. गाडी तरी चालते, पण दुरुस्तीचा आकडा भावातून कापून घ्या. ३.५ व्ही६ मध्ये चेन नसून ठरावीक काळाने बदलावा लागणारा टायमिंग बेल्ट आहे. तो बदलल्याचं बिल नसेल तर बदललेला नाही असंच धरायचं, मालक काहीही सांगो. जुन्या अकॉर्डवर टाकाटा कंपनीच्या सदोष एअरबॅग बदलून देण्यासाठी रिकॉलही निघाले होते. चासी नंबर देऊन होंडाकडे चौकशी केली की ते काम झालंय का हे कळतं. फुकट होणारं काम आहे आणि जिवाशी संबंधित आहे, तेव्हा आळस करू नका.

२०१६ च्या अखेरीस ३७ लाखांना आलेली अकॉर्ड हायब्रिड थायलंडहून आयात व्हायची. गाडी उत्तम आहे, पण इतक्या कमी विकल्या गेल्या की बंपरसाठीही वाट बघावी लागू शकते. टिआनाच्या सीट्स सोफ्यासारख्या आहेत आणि भावही सगळ्यात कमी. तरीही नाशिकमध्ये राहून ती घेऊ नये असंच माझं मत आहे. सीव्हीटी (बिनपायऱ्यांचा ऑटोमॅटिक) गिअरबॉक्स बिघडला तर तो समजून दुरुस्त करणारा माणूस शोधण्यातच महिना जाईल.

लेक्सस भारतात २०१७ मध्ये आली. ईएसचं इंजिन आणि हायब्रिड यंत्रणा मुळात कॅमरीचीच, त्यामुळे यांत्रिक भरवसा तोच. फरक पडतो तो काच, दिवे, स्क्रीन आणि सीटच्या मोटारी अशा भागांत, तिथे लेक्ससचा भाव लागतो. शिवाय लेक्ससचं जाळं मोजक्या शहरांपुरतं आहे. सगळ्यात जवळचं अधिकृत सर्व्हिस सेंटर कुठे आहे आणि गाडी न्यायची-आणायची सोय ते करतात का, हे विचारल्याशिवाय गाडी बघायलाही जाऊ नका.

पैशांची मांडणी

हातात १२ लाख असतील तर १० लाखांपर्यंतच गाडी शोधा. उरलेले दोन लाख विमा, ट्रान्सफर, टायर आणि पहिल्या सर्व्हिससाठी बाजूला ठेवायचे. २०१९ च्या कॅमरीला २३५/४५ आर१८ मापाचे टायर आहेत. एकदा दुकानात चार टायरचा भाव विचारून या, म्हणजे मी असं का म्हणतोय ते लगेच कळेल.

कर्ज घेणार असाल तर बँकेला आधी गाडीचं वय सांगा. जुन्या गाडीचा व्याजदर नव्यापेक्षा जास्त असतो आणि ठरावीक वयापुढे बँका हातच वर करतात.

गाडी शोधायची कुठे

नाशिकमध्ये विक्रीला असलेल्या कॅमरी बोटांवर मोजण्याइतक्या असतात. त्यातल्या बऱ्याच सातपूर-अंबडच्या कारखानदारांच्या, कंपनीच्या नावावर घेतलेल्या आणि ड्रायव्हरने चालवलेल्या. माझ्या मते अशी गाडी चांगली. सर्व्हिस वेळेवर होते, कारण बिल कंपनी भरते. फक्त मागची सीट जास्त वापरलेली असते, तेव्हा बघताना स्टिअरिंगपेक्षा मागच्या सीटचं लेदर, मागच्या एसीची हवा आणि मागचे पडदे तपासा. कंपनीकडून घेताना संचालकांचा ठराव किंवा अधिकारपत्र आणि कंपनीचा शिक्का लागतो. कंपनीने घसारा घेतला असेल तर विक्रीवर जीएसटीचा प्रश्न येऊ शकतो, म्हणून रीतसर बिल मागा.

नाशिकपुरतं शोधलं तर निवडीला वावच राहत नाही. मुंबई, ठाणे, पुणे इथल्या जाहिराती बघाव्याच लागतात. टोयोटाचं यू ट्रस्ट आणि होंडाचं ऑटो टेरेस ही कंपन्यांचीच जुन्या गाड्यांची दालनं आहेत. तिथे भाव जास्त असतो, पण मीटर मागे फिरवलेली गाडी मिळण्याची भीती कमी. महामार्गालगतच्या डीलरकडे गेलात तर त्याचं आरटीओचं अधिकृतता प्रमाणपत्र बघायला मागा. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या डीलरला ते लागतं, आणि मूळ मालकाने गाडी त्याच्या ताब्यात दिल्याची नोंद पोर्टलवर करायची असते. डीलरच्या विक्रीवर १८ टक्के जीएसटी आहे, पण तो फक्त त्याच्या नफ्यावर लागतो. ‘गाडीच्या पूर्ण किमतीवर अठरा टक्के पडतात साहेब’ असं कुणी म्हणालं तर उठून बाहेर या. १० लाखांवरच्या गाडीवर डीलर १ टक्का टीसीएस घेईल. तो तुमच्या इन्कम टॅक्सच्या हिशेबात जुळतो.

नंबर प्लेट वाचायला शिका

एमएच-१५ म्हणजे आपली. मालेगावकडची एमएच-४१. या दोन्हींत कागदाचा त्रास सगळ्यात कमी. मुंबई-पुण्याच्या पासिंगची गाडी घेतली तर तिथल्या आरटीओची एनओसी लागते, पण रोड टॅक्स पुन्हा भरावा लागत नाही आणि नंबरही तोच राहतो.

खरी मोहिनी घालतात त्या पेठ-जव्हारच्या पलीकडच्या, सिल्वासा आणि दमणच्या गाड्या. डीएन-०९, डीडी-०३. तिथे कर कमी, म्हणून भाव लाख-दीड लाखाने कमी सांगतात. महाराष्ट्रात दुसऱ्या राज्यातली गाडी १२ महिन्यांहून जास्त ठेवायची तर इथे पुन्हा नोंदणी करून कर भरावा लागतो. आपल्याकडे पेट्रोल गाडीवर वैयक्तिक नोंदणीला २० लाखांपुढे १३ टक्के आणि कंपनीच्या नावावर २० टक्के दर आहे. जुन्या गाडीला वयानुसार सूट मिळते, पण हिशेब मूळ किमतीवरून सुरू होतो. ज्या राज्यात आधी कर भरला, तिथून परतावा मिळवणं म्हणजे पुन्हा वेगळी पायपीट. दिल्लीच्या गाड्यांचंही तेच, शिवाय तिथल्या वयाच्या नियमांमुळे जुन्या गाड्या बाहेर ढकलल्या जातात. कराचा आकडा आरटीओतून काढून घेतल्याशिवाय परराज्यातल्या गाडीला टोकन देऊ नका.

घरबसल्या करायची तपासणी

गाडी बघायला जाण्याआधी मालकाकडून आरसीचा आणि विमा पॉलिसीचा फोटो मागवा. देत नसेल तर विषय संपला.

एम-परिवहन अॅपवर नंबर टाकला की नोंदणीची तारीख, कितवा मालक, विम्याची मुदत आणि कर्जाचा बोजा दिसतो. महाराष्ट्र वाहतूक पोलिसांच्या ई-चलन पोर्टलवर थकीत दंड दिसतो. समृद्धी महामार्गावर फिरलेल्या गाड्यांवर वेगाची चलनं साचलेली असतात, आणि मालकाला कधीकधी ते खरंच माहीत नसतं.

विमा पॉलिसीवर ‘नो क्लेम बोनस’चा आकडा असतो. तो २०, २५, ३५, ४५, ५० टक्के असा चढत जातो. पन्नास टक्के असेल तर मालकाने सलग पाच वर्षं क्लेम घेतलेला नाही. आठ वर्षांच्या गाडीवर शून्य दिसला तर मागच्या वर्षी काहीतरी घडलेलं असू शकतं. काय घडलं, ते विचारा आणि उत्तर देताना मालक किती वेळ घेतो तेही बघा. बोनस मालकाचा असतो, गाडीचा नाही. तो तुम्हाला मिळत नाही, विमा नावावर करताना फरकाची रक्कम भरावी लागते.

मग अधिकृत सर्व्हिस सेंटरला चासी नंबर देऊन सर्व्हिसचा इतिहास काढा. मालकाला सोबत न्या किंवा त्याचं संमतीपत्र घ्या. प्रत्येक सर्व्हिसला नोंदलेलं किलोमीटर ओळीने वाचा. २०२१ मध्ये ८८ हजार आणि २०२४ मध्ये ६१ हजार असं दिसलं तर पुढे वाचायची गरज नाही. कॅमरी हायब्रिडच्या बॅटरीची वॉरंटी ऑगस्ट २०२१ पासून ३ वर्षे किंवा १ लाख किमीवरून ८ वर्षे किंवा १ लाख ६० हजार किमी झाली. तुम्ही बघताय त्या गाडीला कोणती लागू आहे आणि किती उरली आहे, हे सर्व्हिस सेंटरकडून लेखी घ्या. भाव ठरवताना याहून मोठा मुद्दा दुसरा नाही.

गाडी समोर उभी असताना

सकाळी जा, उजेडात जा आणि गाडी आधी सुरू करून ठेवू नका असं बजावून जा. पोहोचताच बोनेटवर हात ठेवा. गरम लागला तर कुणीतरी आवाज झाकायला इंजिन तापवून ठेवलंय.

रंगाची जाडी मोजायचं छोटं मीटर ऑनलाइन मिळतं, ते विकत घ्या. सगळ्या पॅनेलवर आकडे साधारण सारखे हवेत. एका दारावर दुप्पट दिसला तर टच-अप, तिप्पट-चौपट दिसला तर खाली लांबी (पोचा बुजवायची पुटी) भरलेली आहे. दरवाजा रंगवलेला असणं हा काही गुन्हा नाही, नाशिकच्या पार्किंगमध्ये कुणाचं दार वाचलंय? छत, खांब आणि बोनेटच्या आतली चौकट मात्र मूळ रंगात हवी. बोनेट आणि दारांच्या बोल्टवर पान्याचे ओरखडे आहेत का तेही बघा.

पाण्यात बुडालेली गाडी ओळखणं सगळ्यात महत्त्वाचं, कारण महागड्या गाड्या मोठ्या शहरांच्या तळघरांतल्या पार्किंगमध्ये बुडतात आणि साफ होऊन दुसऱ्या शहरात विकल्या जातात. २०१५ मध्ये चेन्नई बुडालं, २०१७ च्या ऑगस्टमध्ये मुंबई, २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूर. गाडीची तेव्हाची नोंदणी या ठिकाणची असेल तर दुप्पट डोळे उघडा. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा, आतल्या टोकाला चिखलाची रेघ धुवायची राहून जाते. स्टेपनी उचलून खालचा खड्डा, सीटच्या रुळांचे स्क्रू आणि डॅशबोर्डखालचे कंस गंजलेत का बघा. गालिच्याचा कोपरा उचलून नाक लावा. अत्तराचा घमघमाट येणाऱ्या गाडीवर तर माझा जास्तच संशय असतो. २०१९ नंतरच्या कॅमरीत बॅटरी सीटखाली, म्हणजे खालच्या पातळीवर आहे. पाणी सीटपर्यंत पोहोचलेली अशी गाडी फुकटातही महाग पडेल.

टायरच्या बाजूला चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे. ‘२३१९’ म्हणजे २०१९ चा २३ वा आठवडा. गाडी ३० हजार किमी चाललीय म्हणणाऱ्याने टायर दोनदा बदललेले असतील तर हिशेब जुळत नाही. टायरच्या कडेला फुगवटा आणि अलॉयच्या आतल्या कडेला वाक आहे का, तेही वाकून बघा. पावसाळ्यात कसारा-इगतपुरी पट्ट्यातल्या खड्ड्यांनी हे हमखास होतं. गाडी लिफ्टवर घ्या किंवा कुणा ओळखीच्या गॅरेजच्या रॅम्पवर चढवा. लांब आणि बुटकी गाडी असल्याने स्पीडब्रेकरवर पोट घासतंच, किरकोळ ओरखडे चालतील. ऑइल पॅनला पोचा, वाकलेला क्रॉसमेंबर (गाडीखालचा आडवा दांडा) किंवा गळती चालणार नाही.

स्कॅनर लावल्याशिवाय हायब्रिड घेऊ नका

हायब्रिड बॅटरीचा बागुलबुवा फार मोठा केलाय. टोयोटाच्या निकेल मेटल हायड्राइड बॅटऱ्या दीर्घायुषी आहेत, पण त्यांना दोन गोष्टींचा त्रास होतो, उष्णतेचा आणि धुळीचा. बॅटरी गार ठेवायला आतली हवा ओढणारा पंखा असतो आणि त्या हवेची जाळी मागच्या सीटजवळ असते. तिच्यावर धूळ आणि केस बसले की पंखा नुसताच ओरडतो, हवा पुढे जात नाही. घरात कुत्रा असलेल्या मालकाच्या गाडीत ही जाळी आधी बघा. पंख्याचा आवाज मोठा असेल तर साफसफाई झालेली नाही.

मग हायब्रिडचा डेटा वाचणारं स्कॅनर किंवा ब्लूटूथ उपकरण लावा. २०१३ च्या पिढीतल्या कॅमरीत ३४ मॉड्यूल आहेत आणि स्कॅनर त्यांच्या जोड्यांचे १७ ब्लॉक दाखवतो. गाडी स्थिर असताना सगळे सारखेच दिसतील, फसू नका. जोरात पिकअप घेताना आणि उतारावर बॅटरी भरताना आकडे बघायचे. एखादा ब्लॉक बाकीच्यांपेक्षा सतत एक व्होल्टच्या आसपास खाली जात असेल तर बॅटरी शेवटच्या टप्प्यात आहे. ‘पी०ए८०’ हा कोड दिसला तर बॅटरी बदलायची वेळ आली असं गाडीच सांगतेय.

चलाख विक्रेता आदल्या रात्री कोड पुसून ठेवतो. त्यावर उपाय आहे. ‘कोड पुसल्यापासून किती किलोमीटर चालली’ हा आकडा बहुतेक स्कॅनर दाखवतात. तो १२ किलोमीटर आला तर काय समजायचं ते सांगायला नको.

डिकीत एक साधी १२ व्होल्टची बॅटरीही असते. ती अशक्त झाली की डॅशबोर्डवर एकदम दिवाळी होते, सगळे दिवे लागतात आणि गाडी ‘रेडी’, म्हणजे चालायला तयार, होत नाही. लोक घाबरून मोठी बॅटरी गेली समजतात आणि गाडी स्वस्तात काढून टाकतात. अशी गाडी तुमच्या वाट्याला आली तर नशीबच म्हणायचं, पण आधी स्कॅन करूनच.

आणखी एक, एसीबद्दल. हायब्रिडचा कॉम्प्रेसर विजेवर चालतो आणि त्याला वेगळं, वीज न वाहणारं तेल लागतं. कोपऱ्यावरच्या एसीवाल्याने नेहमीचं तेल भरलं तर कॉम्प्रेसर खराब होतो आणि बिल मोठं येतं. गॅस कुठे भरला, हे मालकाला नक्की विचारा. नारिंगी रंगाच्या केबल उच्च दाबाच्या आहेत, त्यांना हायब्रिडचं प्रशिक्षण नसलेल्या मेकॅनिकचा हात लागू देऊ नका.

चालवून बघताना

निदान तासभर चालवा. आधी मुंबई नाका, द्वारका, सिडको अशा गर्दीत. इंजिन कधी सुरू होतं, कधी बंद होतं हे पायाला जाणवता कामा नये, झटका लागत असेल तर इंजिनाचं माउंटिंग बघा. एसी पूर्ण थंडावर असताना इंजिन बंद झालं तरी गारवा कमी व्हायला नको. मग उड्डाणपुलावरून पाथर्डी फाटा ओलांडून घोटीच्या दिशेने निघा. ८० ते १०० च्या वेगात स्टिअरिंग हलकेच सोडा, गाडी एका बाजूला ओढते का, व्हील थरथरतं का बघा. खराब पट्ट्यावर काचा खाली करून शॉकअप आणि लोअर आर्मचा ‘टक-टक’ आवाज ऐका.

मालक तयार असेल तर घाट गाठा. कसारा किंवा नांदुरीहून सप्तशृंगी गडाचा रस्ता, कुठलाही चालेल. चढावर तापमानाची सुई किंवा पट्टी हलता कामा नये. उतारावर बॅटरी भरत जाते आणि ती भरली की गाडी वेग आवरायला इंजिन जोरात फिरवते. त्या आवाजाने दचकू नका, तो बिघाड नव्हे.

हायब्रिडमध्ये ब्रेकचं बरंचसं काम मोटर करते, म्हणून पॅड वर्षानुवर्षं टिकतात. पण कमी वापरामुळे डिस्क गंजतात आणि कॅलिपरच्या पिना अडकतात. ब्रेक दाबल्यावर एका चाकाला जास्त उष्णता येत असेल तर तेच झालंय. ब्रेकचा कुठलाही वॉर्निंग दिवा पेटलेला असेल, तर मालकाचं ‘सेन्सरचा प्रॉब्लेम आहे’ हे वाक्य मान्य करू नका, ब्रेक अॅक्च्युएटर फार महाग येतो. गाडी ऑन करताना सगळे इशारादिवे आधी लागून मग विझले पाहिजेत. एखादा लागलाच नाही तर तो मुद्दाम बंद केलेला आहे.

भाव आणि टोकन

बार्गेनिंग भावनेवर नको, यादीवर करा. टायर, व्हीटीसी, सस्पेन्शनचे बुश, रंग, विम्याचा फरक, असं एकेक लिहून त्यापुढे गॅरेजचा अंदाज मांडा आणि कागद समोर ठेवा. पितृपक्षात गाड्यांचा बाजार थंड असतो. तुम्हाला त्याचं वावडं नसेल तर तेव्हाच बोलणी करा, ताबा घटस्थापनेला घ्या. घरातली मंडळीही खूश.

टोकन देताना इसार पावती करा, साध्या कागदावर का होईना. ‘कर्ज, चलन किंवा अपघाताची माहिती खोटी निघाल्यास रक्कम परत’ हे वाक्य तिच्यात हवंच. बाकी पैसे बँकेतूनच द्या. दोन लाख किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीत घेणं कायद्याने चालत नाही, ‘थोडे कॅशमध्ये द्या’ म्हणणाऱ्याला तेवढंच सांगा.

नावावर करणं

पेठ रोडच्या आरटीओत एजंटांची कमतरता नाही. एजंट लावायला हरकत नाही, पण काय चाललंय हे स्वतःला माहीत हवं. फॉर्म २९ आणि ३० विक्री-ट्रान्सफरचे. कर्ज होतं तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५. दुसऱ्या आरटीओची गाडी असेल तर फॉर्म २८ ची एनओसी. एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाडीला एचएसआरपी (हाय सिक्युरिटी) नंबर प्लेट बसवलेली आहे का ते आधी बघा, नाहीतर कामं अडतात. पीयूसी आणि विमा चालू हवा. खरेदीनंतर तुम्ही ३० दिवसांत आरटीओला कळवायचं असतं, आणि विमा कंपनीकडे पॉलिसी नावावर करायचा अर्ज १४ दिवसांत. हे दुसरं लोक विसरतात. मधल्या काळात गाडी ठोकली तर स्वतःच्या नुकसानीचा क्लेम अडकतो.

ताबा घेताना तारखेबरोबर वेळही लिहिलेली ताबा पावती दोघांच्या सह्यांनी करा. दुपारी चारला गाडी घेतली आणि तीनला समृद्धीवरचं चलन असेल तर वाद मिटतो. मूळ मालकाचा फास्टॅग काढून त्याला तो बंद करायला सांगा. दुसरी किल्ली मागून घ्या. स्मार्ट की नवी करायचा खर्च ऐकून थक्क व्हाल.

पहिला महिना

मागचं बिल ताजं असलं तरी इंजिन ऑइल आणि सगळे फिल्टर बदलून टाका, ऑइल मॅन्युअलमधल्याच ग्रेडचं. ब्रेक फ्लुइड बदला, इंजिनाचं आणि इन्व्हर्टरचं अशी दोन्ही कूलंट तपासा. इन्व्हर्टरचं वेगळं असतं, हे बऱ्याच गॅरेजना माहीत नसतं. हायब्रिड बॅटरीची जाळी साफ करून घ्या आणि दर सर्व्हिसला ते काम जॉब कार्डवर लिहायला लावा.

एप्रिल २०२३ आधीची गाडी असेल तर ती २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल धरून बनवलेली असेलच असं नाही. पंपावर आता तेच मिळतं. मायलेज थोडं घटेल ते गृहीत धरा, आणि जुन्या गाडीच्या इंधन नळ्या, सील वर्षातून एकदा बघून घ्या. गाडी महिनोन्महिने उभी ठेवायची असेल तर टाकीत शिळं पेट्रोल साठवू नका, आणि आठवड्यातून एकदा अर्धा तास ‘रेडी’ करून ठेवा, म्हणजे दोन्ही बॅटऱ्या जाग्या राहतात.

आणि रविवार कारंजा-भद्रकालीत खरेदीला जाताना ही गाडी नेऊ नका. लांबी ४.८८ मीटर आहे, रिक्षाने जा.